माश्यांच्या खोलीतील विद्यार्थी

विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ आणि ‘विद्यार्थ्यांना संधी’ हे दोन शब्दप्रयोग आता इतके सरावाचे झाले आहेत की ते वाचताना नजर त्यांच्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. जीवशास्त्राच्या विभागांत ते हमखास आढळतात. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, मानवशास्त्र यांच्याशी जीवशास्त्राचा सांधा जुळवणारे अभ्यासक्रम तेथे असतात आणि पदवीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत काम करू देणाऱ्या योजनाही असतात. साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक हा सारा मजकूर आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटतात. ते तसे उलटू नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. आनुवंशिकीतील पहिला नकाशा ज्या खोलीत जन्माला आला तिची हकीकत आणि त्या नकाशातील एक अडचण सोडवणारे सूत्र ज्या शहरात लिहिले गेले तेथली हकीकत एकत्र वाचली, तर या दोन शब्दप्रयोगांना अर्थ कसा येतो आणि तो कोणाकोणाच्या वाट्याला येत नाही, हे दिसू लागते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शेर्मरहॉर्न हॉल या इमारतीत ६१३ क्रमांकाची एक खोली होती. लांबी तेवीस फूट, रुंदी सोळा फूट. तीत आठ मेजे दाटीवाटीने मांडलेली. दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत फळमाश्या वाढवल्या जात, त्यांच्या खाद्यासाठी केळी आणलेली असत, आणि त्या पिकल्या-कुजल्या केळ्यांचा वास खोलीत कायमचा भरलेला असे. लोक तिला ‘माश्यांची खोली’ म्हणत. खोलीचे प्रमुख थॉमस हंट मॉर्गन (१८६६–१९४५) हे मूळचे गर्भविकासाचे अभ्यासक. मेंडेलच्या नियमांविषयी ते साशंक होते, आणि आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर वसलेले असतात हा सिद्धान्तही त्यांना घाईचा वाटे. १९१० साली त्यांच्या लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. त्याची संतती वाढवून मोजली तेव्हा पांढऱ्या डोळ्याचा गुण लिंगाशी बांधलेला दिसला, आणि लिंग ठरवणारे गुणसूत्र तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. मॉर्गन यांनी आपले मत बदलले. स्वतःच्या संशयाविरुद्ध पुरावा हाती येताच जो शिक्षक मत बदलतो, त्याच्या खोलीत विद्यार्थ्याला बोलायला जागा असते. पुढच्या घटनांचा उलगडा या एका गोष्टीने बराचसा होतो.

१९०९-१०च्या वर्षात मॉर्गन स्वतः प्राणिशास्त्राचा प्राथमिक वर्ग घेत होते. त्या वर्गात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा मुलगा होता. त्याचे बालपण अलाबामातील शेतावर गेले होते. वडील घोडे पाळीत, आणि हा मुलगा हौसेने त्या घोड्यांच्या वंशावळी लिहून ठेवी. १९०८ साली तो कोलंबियात आला तो थोरल्या भावाच्या आधाराने. भाऊ एडगर त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठा. तो कोलंबियाशी संलग्न असलेल्या बार्नर्ड कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकवीत असे, आणि आल्फ्रेड त्याच्याच घरी राही. धाकट्याचा वंशावळींचा नाद पाहून एडगरने त्याला आनुवंशिकतेवरची पुस्तके वाचायला सुचवले. मेंडेलच्या नियमांवरील पनेट यांचे छोटे पुस्तक वाचून आल्फ्रेडला वाटले की घोड्यांच्या रंगांचा हिशेब याच नियमांनी लागतो. एडगर म्हणाला, हे लिहून काढ आणि मॉर्गन यांना नेऊन दाखव. मॉर्गन यांनी तो निबंध छापायला पाठवण्यास उत्तेजन दिले, १९१० साली तो छापूनही आला, आणि त्याच वर्षी माश्यांच्या खोलीतील एक मेज या पदवीच्या विद्यार्थ्याला मिळाले.

एडगर स्टर्टेव्हंट हे नाव भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अनोळखी नसावे. हित्ती भाषेचे तुलनात्मक व्याकरण त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले. हित्ती ही संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या पंक्तीतील आणखी एक मुलगी मानू नये, तर या साऱ्यांच्या मूळ भाषेची ती बहीण आहे, असे मत त्यांनी आग्रहाने मांडले. अमेरिकेतील भाषाविज्ञान संस्थेच्या १९२४ सालच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. एक भाऊ भाषांचे कुलवृत्त लावीत होता, दुसरा घोड्यांचे आणि माश्यांचे. एकाच्या पद्धतीने दुसऱ्याला सिद्धान्त दिला असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण एका शास्त्राच्या माणसाने आपल्या विषयाबाहेरचा एक नाद ओळखला आणि त्या नादाला योग्य दरवाजा दाखवला, एवढे मात्र आल्फ्रेडने स्वतः नोंदवून ठेवले आहे.

आता त्या नकाशाविषयी. गुणसूत्र म्हणजे जनुकांचे श्लोक एकामागून एक लिहिलेली पोथी, असे क्षणभर धरू. जीवाला अशी एक पोथी आईकडून मिळते, एक बापाकडून. तो जीव पुढे स्वतःचे बीज तयार करू लागतो तेव्हा या दोन पोथ्या शेजारी-शेजारी येतात, एखाद्या जागी दोन्ही तुटतात, आणि तुटलेल्या भागांची अदलाबदल होऊन त्या पुन्हा सांधल्या जातात. पोथीतले दोन श्लोक लगतचे असतील तर तुटण्याची जागा नेमकी त्यांच्या मध्ये येण्याचा संभव थोडा. एक आरंभी आणि दुसरा शेवटी असेल तर तो संभव पुष्कळ. ज्याला मूळ पोथी दिसतच नाही, फक्त तिच्या असंख्य प्रती दिसतात, त्याने दोन श्लोकांची ताटातूट शंभरांपैकी किती प्रतींत झाली हे मोजले, तर त्यांच्यामधील अंतर त्याला कळेल. अशी सर्व जोड्यांची अंतरे मिळाली की श्लोकांचा क्रमही लावता येईल. हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून मूळ संहितेकडे जाणाऱ्या पाठचिकित्सकाला ही विचारपद्धती परकी वाटू नये.

१९११ साली मॉर्गन यांच्याशी बोलता बोलता आल्फ्रेडला हे सुचले. ताटातुटीच्या प्रमाणावरून जनुकांचा रेषेतला क्रम काढता येईल, असे त्याला वाटले. तो आकडे घेऊन घरी गेला आणि कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून रात्रीचा बहुतेक भाग त्याने त्या आकड्यांत घालवला. सकाळपर्यंत गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार होता. त्या वेळी त्याचे वय एकोणीस होते. १९१३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात सहा जनुकांच्या जागा दिल्या आहेत. दोन एकाच ठिकाणी धरल्यामुळे स्थाने पाच. पिवळे अंग ०, पांढरा डोळा १.०, शेंदरी डोळा ३०.७, आखूड पंख ३३.७ आणि खुरटे पंख ५७.६. अंतरांचे आकडे पुढे सुधारले गेले, पण हा क्रम आजही तोच आहे. निबंधावर लेखक म्हणून नाव एकट्या आल्फ्रेडचे होते. खोली मॉर्गन यांची, माश्या मॉर्गन यांच्या, आकडे पुष्कळसे खोलीत आधीच साठलेले. तरी नाव विद्यार्थ्याचे.

त्याच वर्गातून कॅल्व्हिन ब्रिजेस हा दुसरा मुलगा त्या खोलीत आला. आईबापांविना आजीने वाढवलेला, पैशाची चणचण असलेला. बाटल्या धुण्याच्या कामावर तो लागला. एके दिवशी धुवायच्या बाटलीच्या जाड काचेतूनच, भिंगाविना, त्याला एक निराळ्या, शेंदरी डोळ्यांची माशी दिसली. मॉर्गन यांनी त्याला साहाय्यक केले. वर दिलेल्या नकाशात ३०.७ या आकड्यावर बसलेला गुण तो हाच. १९१६ साली ‘जेनेटिक्स’ हे नियतकालिक निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या अंकाची सुरुवात ब्रिजेसच्या निबंधाने झाली. तिसरा हर्मन म्युलर. या तिघांनी आणि मॉर्गन यांनी मिळून १९१५ साली मेंडेलीय आनुवंशिकतेच्या यंत्रणेवरचे पुस्तक लिहिले, आणि त्यावर चौघांचीही नावे आली. १९३३चे नोबेल पारितोषिक एकट्या मॉर्गन यांना मिळाले. त्या रकमेचा वाटा त्यांनी आपल्या मुलांबरोबर स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांनाही दिला.

इतके वाचून या खोलीला गुरुकुलाचे रूप देण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. आपल्या कल्पना खोलीतल्या बोलण्यात सर्वांच्या झाल्या आणि श्रेय दुसऱ्यांना गेले, असा सल म्युलर यांच्या मनात कायम राहिला. पुढे क्ष-किरणांनी उत्परिवर्तने घडवण्याच्या १९२७ सालच्या कामाबद्दल १९४६ साली त्यांना स्वतंत्रपणे नोबेल मिळाले, तरी तो सल गेला नाही. मोकळ्या गप्पांची खोली श्रेयाची वाटणी करताना मोकळी राहतेच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठातल्या किड्यांच्या पेशी पाहून लिंग आणि गुणसूत्र यांचा संबंध दाखवला होता. ब्रिन मॉर येथे त्या मॉर्गन यांच्याच विद्यार्थिनी होत्या. पूर्ण वेळ संशोधनाची जागा मिळेमिळेपर्यंत १९१२ साली त्यांचे निधन झाले. मॉर्गन यांच्या पत्नी लिलियन याही प्रशिक्षित जीवशास्त्रज्ञ. मुले मोठी झाल्यावर त्या माश्यांकडे परतल्या आणि एकमेकांना चिकटलेल्या दोन एक्स गुणसूत्रांची माशी त्यांनी शोधली. तो निबंध १९२२ साली आला. विद्यापीठातील अधिकृत पद त्यांना १९४६ साली, पतीच्या मृत्यूनंतर, मिळाले. पदवीच्या विद्यार्थ्याला मेज देणाऱ्या व्यवस्थेला या बाईंना पद देण्यास इतका काळ लागला.

नकाशात एक अडचण होती, आणि ती स्वतः स्टर्टेव्हंटनेच ओळखली होती. दूरच्या दोन जनुकांची प्रत्यक्ष ताटातूट ही त्यांच्यामधल्या लहान अंतरांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. कारण उघड आहे. पोथी दोन ठिकाणी तुटली तर मधला तुकडा बदलतो, पण दोन टोकांचे श्लोक पुन्हा एकत्रच राहतात. मोजणाऱ्याला वाटते की काही घडलेच नाही. मग मोजलेल्या टक्क्यावरून खरे अंतर काढायचे कसे? या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे गणिती उत्तर १९१९ साली जे. बी. एस. हाल्डेन (१८९२–१९६४) यांनी दिले. अंतराच्या एककाला मॉर्गन यांचे नाव देऊन ‘सेंटिमॉर्गन’ ही संज्ञा रूढ करणारेही तेच.

हाल्डेन यांचे शिक्षण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे असे आहे. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी आधी गणित घेतले, मग ग्रीक-रोमन वाङ्मय, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यासक्रम पुरा करून १९१४ साली पहिला वर्ग मिळवला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आनुवंशिकीतला त्यांचा पहिला निबंध उंदरांवरचा. तो १९१५ साली निघाला, आणि त्याच्या तीन लेखकांत त्यांची धाकटी बहीण नेओमी होती. तिसरा लेखक स्प्रंट हा मित्र महायुद्धात मारला गेला. नेओमी युद्धकाळात रुग्णसेवेत गेली आणि पुढे नेओमी मिचिसन या नावाने इंग्रजीतील नामांकित कादंबरीकार झाली. भाऊ अभिजात वाङ्मयाकडून जीवशास्त्राकडे आला, बहीण उंदरांच्या पिंजऱ्यांकडून कादंबरीकडे गेली. दोघांचे रस्ते कोणत्याही अभ्यासमंडळाने आखलेले नव्हते.

हाल्डेन यांच्या सूत्रात एक गृहीत होते. पोथी एका जागी तुटली याचा शेजारी तुटण्यावर काही परिणाम होत नाही, असे त्यांनी धरले होते. माश्या तसे सांगत नव्हत्या. एका जागी तुटले की लगत दुसरे तुटणे बरेच कमी होई. याला अनुसरणारे, तरी हाताळायला सोपे सूत्र ज्यांनी दिले ते पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचा जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचे, वडील पालीचे पंडित. त्यांचे ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’च्या बाराव्या खंडातील टिपण १९४४ साली प्रसिद्ध झाले. ते अवघ्या चार पानांचे आहे. तुटण्याची एक जागा दुसरीला किती अडवते ते अंतरानुसार बदलते, जवळ पुरते अडवते आणि दूर गेल्यावर मुळीच नाही, ही गोष्ट कोसंबींनी एका साध्या समीकरणात बसवली. फरक किती पडतो ते एका उदाहरणाने कळेल. दोन जनुकांची ताटातूट शंभरांत तीस वेळा दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. भात, गहू, मका यांसारख्या पिकांच्या जनुकीय नकाशांवरील निबंधांत ‘कोसंबी’ हे नाव आजही सूत्राचे नाव म्हणून येते. ते वापरणाऱ्या कित्येकांना हा माणूस भारतीय इतिहासाचा अभ्यासक होता याची कल्पना नसते. आणि इतिहासाचे आपले विद्यार्थी बहुधा या सूत्राविषयी अनभिज्ञ असतात.

त्याच वर्षांत कोसंबी आणखी काय करीत होते ते लक्षात घेतले पाहिजे. तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजने करून, ती हातोहात फिरून किती झिजली यावरून त्यांचा काळ लावण्याचा प्रयत्न ते संख्याशास्त्राच्या साहाय्याने करीत होते. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते पडताळून त्यांनी तयार केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ साली निघाली. त्याच पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते, आणि १९४३ साली निधन होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक असलेले वि. सी. सुकथनकर हेही मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले. नाणे हातोहात झिजते, श्लोक प्रतीप्रतीत सरकतो, जनुक पिढीपिढीत आपल्या शेजाऱ्यापासून तुटतो. तिन्ही ठिकाणी मूळ वस्तू समोर नसते. तिच्या अनेक उतरत्या प्रती असतात, आणि त्यांची मोजदाद करून मागे जायचे असते. कोसंबींचे हे तीन उद्योग वेगवेगळ्या कपाटांत ठेवून आपण वाचतो. ते एकाच बुद्धीचे काम होते.

मात्र फर्ग्युसनमध्ये माश्यांची खोली नव्हती. सूत्र जगभर गेले, पण पुण्यात त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचा मेळा जमून आनुवंशिकीची शाळा उभी राहिली नाही. एका माणसाने अनेक विद्या जाणणे आणि अनेक विद्यांच्या विद्यार्थ्यांना एका खोलीत जागा मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे आपल्याकडे कौतुक फार होते, दुसरीची तरतूद फार थोडी. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, आधी कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आणि नंतर भुवनेश्वरला, तेव्हा त्यांनी या दुसऱ्या गोष्टीचा थोडासा नमुना घालून दिला. त्यांच्याभोवतीच्या तरुणांपैकी कोणी नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे ते मोजी, कोणी फुलपाखरे घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलावर बसतात ते टिपी, कोणी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजी. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. डोळा, वही आणि मोजलेल्या आकड्यांना प्रश्न विचारण्याची सवय एवढ्यावर गंभीर संशोधन होऊ शकते, हे त्यांनी करून दाखवले.

मेज कोणाला मिळते हा प्रश्न आपल्या घरातही विचारायला हवा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. स्त्री असल्यामुळे संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या बंगळुरूला गेल्या, अडून बसल्या, आणि अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, काम पाहून मग ठरवू. काम पाहून रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे संस्थेची दारे इतर स्त्रियांनाही उघडली. पण त्या एका वर्षाचा अपमान कमलाबाईंनी उतारवयातही जाहीरपणे सांगितला. तेथून त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या विभागात गेल्या. हाल्डेन यांनी १९२३ ते १९३२ या काळात काम केले तो हाच विभाग, आणि स्त्रियांना तेथे मुळापासून जागा होती. बटाट्यात सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे दाखवून वनस्पतींच्या श्वसनाविषयी त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. कमला सोहोनी या नावाने त्यांनी पुढे मुंबईत कडधान्ये आणि नीरा यांवर काम केले. त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. ‘ऋतुचक्र’ या पुस्तकाकडे आपण ललित लेखन म्हणून पाहतो. झाडाच्या पानाफुलांकडे महिन्यामहिन्याला इतक्या काटेकोरपणे पाहणाऱ्या लेखिकेच्या घरात दुसरी बहीण वनस्पतींची श्वसनक्रिया तपासणारी होती, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या वाचनात कधी येत नाही. तिने काही सिद्ध होत नाही. पण निरीक्षण ही एका विद्याशाखेची मालमत्ता नव्हे, याची आठवण राहते.

कोसंबी १९४५ साली फर्ग्युसन सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि १९६२ साली तेथून बाहेर पडले. त्याच १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी तेथे आले आणि गणित-भौतिकशास्त्राच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. सिद्दिकी आरंभी जिवाणूंवर काम करीत. सत्तरच्या दशकात भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेल्या सीमोर बेन्झर यांच्याबरोबर काम करून ते फळमाशीकडे वळले. न्यूयॉर्कच्या खोलीतील माशी अशी कुलाब्यात पोचली. सिद्दिकींचे निबंध वाचून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील एका विद्यार्थिनीने त्यांना पत्र लिहिले. नाव व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म १९५३ साली नैरोबीचा. भारतात कधी न राहिलेली ही मुलगी मुंबईत आली आणि चव न कळणाऱ्या माश्या शोधून, चव आणि वास यांची आनुवंशिक यंत्रणा उलगडू लागली. १९७८ सालच्या निबंधावर तिचे नाव पहिले आहे, सिद्दिकींचे दुसरे. डॉक्टरेट १९८१ साली, आणि त्यानंतर २०१० साली निधन होईपर्यंत तिने स्वतः किती तरी विद्यार्थी घडवले. पदवीच्या एका विद्यार्थ्याने घोड्यांचा निबंध नेऊन दाखवला तेव्हा जे घडले, तेच येथे एका पत्राने घडले.

या साऱ्या हकिकतींत योजना, अनुदान, अभ्यासक्रम यांना महत्त्व नाही असे माझे म्हणणे नाही. कोलंबियात ब्रिजेस आला तो शिष्यवृत्तीवर. ती नसती तर बाटल्या धुण्याची वेळही आली नसती. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आणि चौथ्या वर्षी संशोधन असलेल्या पदवीचा पुरस्कार केला, त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र अशी प्रत्येक योजना वाचताना तिला तीन साधे प्रश्न विचारावेत. शिकाऊ विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मेज मिळणार का? त्याने केलेल्या कामावर नाव त्याचे येणार का? आणि ज्यांना आजवर मेज नाकारले गेले त्यांच्यासाठी दार उघडे आहे का? माश्यांच्या खोलीने पहिल्या दोन प्रश्नांना बरेच चांगले उत्तर दिले, तिसऱ्याला वाईट. आपल्याकडे पहिल्याच प्रश्नाशी बहुधा गाडी अडते.

साहित्याच्या अध्यापकासाठी चौथाही एक प्रश्न उरतो, आणि तो त्याने स्वतःला विचारायचा आहे. आपल्या वर्गात ज्ञानेश्वरीच्या ओव्यांतील शब्दांची वारंवारता मोजत बसणारी मुलगी असते. गावाकडच्या बियाण्यांची नावे आणि त्यांच्या म्हणी वहीत टिपणारा मुलगा असतो. त्यांचा तो नाद आपल्या प्रश्नपत्रिकेत बसत नाही, म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या एडगर स्टर्टेव्हंटने घोड्यांच्या रंगांवरची ती वही पाहिली तेव्हा आनुवंशिकी हा त्याचा विषय नव्हता. त्याने वही बंद करायला सांगितली नाही. ‘हे लिहून काढ आणि मॉर्गन यांना दाखव,’ एवढेच तो म्हणाला.